पुनरुज्जीवित खेळ आणि त्याची समीक्षा : 'एक्सकॉम' संगणकीय खेळमालिका व देशी बुद्धिबळ यांचा तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना :

मानवी समाजाच्या सांस्कृतिक इतिहासात खेळांना महत्त्वाचे स्थान आहे. तथापि युद्धे, तह, राज्यारोहणे यांच्या नोंदी इतिहासकारांनी जितक्या काळजीने जपल्या, तितक्या काळजीने खेळांच्या नोंदी जपल्या गेल्या नाहीत. खेळ म्हणजे रिकामपणाचा उद्योग, ही समजूत त्यास कारणीभूत आहे. वस्तुतः खेळ समाजाच्या विचारपद्धतीत किती खोलवर रुजलेला असतो, हे आपल्या भाषेवरूनच दिसून येते. मराठीत राजकारणाचे वर्णन करताना आपण शह, काटशह, मात, प्यादे हे शब्द सहज वापरतो. हे सर्व शब्द बुद्धिबळाच्या पटावरून आलेले आहेत. ज्याने कधी पट मांडला नाही, तोही 'शह-काटशहाचे राजकारण' म्हणतो व ऐकणाऱ्यास अर्थ कळतो.

ज्या खेळात दोन्ही पक्ष आळीपाळीने चाल करतात, प्रत्येक चालीपूर्वी विचारास अवकाश असतो आणि थोड्या सैनिकांच्या हालचालींवर जयपराजय ठरतो, त्यास प्रस्तुत निबंधात 'पाळीबद्ध डावपेचाचा खेळ' असे म्हटले आहे. बुद्धिबळ हे त्याचे प्राचीन रूप, तर संगणकावरील 'एक्सकॉम' ही मालिका त्याचे आधुनिक रूप होय. ही मालिका इ.स. १९९४ मध्ये सुरू झाली, इ.स. २००१ नंतर थांबली आणि इ.स. २०१२ मध्ये नव्या स्वरूपात पुन्हा अवतरली. या पुनरुज्जीवनाचे समीक्षकांनी कसे स्वागत केले, कोणत्या बदलांवर आक्षेप घेतले व त्या आक्षेपांचे पुढे काय झाले, याचा विचार येथे केला आहे. त्याचबरोबर महाराष्ट्रात देशी नियमांचे बुद्धिबळ मागे पडून आंतरराष्ट्रीय नियमांचे बुद्धिबळ रूढ झाले, त्या स्थित्यंतराशी या समीक्षेची तुलना केली आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) 'एक्सकॉम' मालिकेचा उदय, ऱ्हास व पुनरुज्जीवन यांचा आढावा घेणे.
२) पुनरुज्जीवित मालिकेच्या समीक्षेतील प्रमुख मुद्दे स्पष्ट करणे.
३) देशी बुद्धिबळाच्या नियमांतराशी त्याची तुलना करणे.
४) खेळाच्या इतिहासाचे साधन म्हणून समीक्षेचे मूल्य तपासणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

असईची लढाई आणि डावपेचाचा खेळ :

इतिहासाच्या अध्यापकाने संगणकीय खेळाचा विचार का करावा, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर जालना जिल्ह्यातच सापडते. मस्तगडाची गढी असलेले जालना शहर इ.स. १८०३ च्या सप्टेंबर महिन्यात कर्नल स्टीव्हन्सन याच्या ताब्यात गेले. त्याच महिन्याच्या २३ तारखेस असई येथे आर्थर वेलस्ली व मराठी फौजा यांच्यात निर्णायक लढाई झाली. केळणा नदी ओलांडण्यास दुसरा उतार नाही, असे वाटाड्यांनी वेलस्लीस सांगितले होते. परंतु नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर पिंपळगाव व वरूड ही दोन गावे त्याला दिसली. समोरासमोर गावे असतील तर त्यांच्यात जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे, असा तर्क त्याने केला आणि तो खरा ठरला.

ही लढाई वर्गात शिकवताना विद्यार्थी हमखास विचारतात, "सर, तर्क चुकला असता तर?" घडलेला इतिहास या प्रश्नाचे उत्तर देत नाही, डावपेचाचा खेळ मात्र याच प्रश्नावर उभा असतो. अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणे व त्याचे परिणाम भोगणे, हे त्याचे सार होय. बुद्धिबळात दोन्ही सैन्ये उघड्या पटावर असतात. 'एक्सकॉम'मध्ये मात्र शत्रू अंधारात असतो. आपला सैनिक पुढे गेल्यावरच तो दिसतो. या दृष्टीने 'एक्सकॉम' पटापेक्षा असईच्या रणभूमीला अधिक जवळचा आहे.

मालिकेचा उदय आणि ऱ्हास :

ज्युलियन गोलॉप या इंग्रज रचनाकाराने इ.स. १९८४ मध्ये 'रेबेलस्टार रेडर्स' व इ.स. १९८८ मध्ये 'लेझर स्क्वॉड' हे पाळीबद्ध खेळ तयार केले होते. त्याच परंपरेत ज्युलियन व निक या गोलॉप बंधूंच्या 'मिथॉस गेम्स' या संस्थेने 'यूएफओ : एनिमी अननोन' हा खेळ रचला. 'मायक्रोप्रोज' कंपनीने तो इ.स. १९९४ मध्ये प्रकाशित केला. पृथ्वीवर परग्रहवासीयांचे आक्रमण झाले आहे आणि खेळणारा एका आंतरराष्ट्रीय संरक्षक दलाचा प्रमुख आहे, अशी ही कल्पना होती. एकीकडे तळ उभारणे, संशोधन करणे व पैशाचा हिशेब ठेवणे. तर दुसरीकडे प्रत्येक चकमकीत सैनिकांना एकेक पाऊल पुढे नेणे, असे खेळाचे दोन स्तर होते. मेलेला सैनिक परत येत नसे. खेळणारे आपल्या मित्रांची, भावंडांची नावे सैनिकांना देत. त्यामुळे त्यांचा मृत्यू मनाला लागत असे.

या खेळास मोठी लोकप्रियता लाभली. इ.स. १९९५ मध्ये 'टेरर फ्रॉम द डीप' व इ.स. १९९७ मध्ये 'अपोकॅलिप्स' हे पुढील भाग आले. त्यानंतर मात्र मालिकेने आपली मूळ वाट सोडली. इ.स. १९९८ मधील 'इंटरसेप्टर' हा अंतराळयान उडवण्याचा, तर इ.स. २००१ मधील 'एन्फोर्सर' हा निव्वळ गोळीबाराचा खेळ होता. दरम्यान कंपनीची मालकी बदलत गेली आणि मालिका थांबली. नाव तेच, परंतु खेळ दुसराच, हे खेळणाऱ्यांनी स्वीकारले नाही.

पुनरुज्जीवनाचा पहिला, फसलेला प्रयत्न :

या मालिकेचे हक्क पुढे 'टेक-टू' या कंपनीकडे आले. इ.स. २०१० मध्ये तिच्या 'टूके' या प्रकाशनसंस्थेने 'एक्सकॉम' नावाचा नवा खेळ जाहीर केला. पण तोही गोळीबाराचाच होता. जुन्या खेळणाऱ्यांत तीव्र नाराजी उमटली. इ.स. २०११ मध्ये 'टूके'च्या प्रमुखांनी रणनीतीचे खेळ आजच्या काळाशी सुसंगत राहिले नाहीत, अशा आशयाचे विधान केले. त्यामुळे नाराजी अधिकच वाढली. हा खेळ अखेर इ.स. २०१३ मध्ये 'द ब्युरो : एक्सकॉम डिक्लासिफाइड' या नावाने आला व त्यास संमिश्र प्रतिसाद मिळाला. खेळाचे नाव व त्याची कथा पुढे चालवणे म्हणजे तो खेळ पुढे चालवणे नव्हे. खेळाची ओळख त्याच्या नियमांत असते, हे या प्रसंगावरून स्पष्ट होते.

इ.स. २०१२ चे पुनरुज्जीवन आणि समीक्षकांचा कौल :

दरम्यान त्याच समूहातील 'फिरॅक्सिस' या संस्थेत जेक सॉलोमन यांच्या नेतृत्वाखाली मूळ पाळीबद्ध खेळाची नवी आवृत्ती तयार होत होती. 'फिरॅक्सिस'च्या संस्थापकांपैकी एक असलेले सिड मायर हे 'मायक्रोप्रोज'चेही सहसंस्थापक होते, त्यामुळे एका अर्थाने ही घरवापसीच होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये 'एक्सकॉम : एनिमी अननोन' प्रकाशित झाला. समीक्षांची सरासरी काढणाऱ्या 'मेटाक्रिटिक' या संस्थेच्या नोंदीत संगणक आवृत्तीस १०० पैकी ८९ गुण मिळाले. इ.स. २०१३ मध्ये ब्रिटिश अकादमीचा रणनीती विभागातील पुरस्कारही त्यास प्राप्त झाला.

हा कौल नीट समजून घेण्यासाठी मूळ नियमांत झालेले बदल पाहणे आवश्यक आहे. मूळ खेळात प्रत्येक सैनिकास ठरावीक 'कालघटक' मिळत आणि वळणे, वाकणे, चालणे, नेम धरणे या प्रत्येक कृतीस ते मोजून खर्च करावे लागत. नव्या खेळात हा हिशेब काढून टाकला व एका पाळीत दोन कृती एवढाच साधा नियम ठेवला. पूर्वी एका विमानातून १४ सैनिक नेता येत; आता आरंभी ४ व पुढे अधिकाधिक ६ सैनिक उरले. पूर्वी जगभर ८ तळ उभारता येत. आता एकच तळ राहिला. चकमकीचे नकाशे पूर्वी दर वेळी नव्याने जुळवले जात. आता ते आधी हाताने रचलेल्या संचातून येऊ लागले.

एवढे बदल होऊनही बहुसंख्य समीक्षकांनी हा खेळ मूळ खेळाचा खरा वारस मानला. यामागे तीन कारणे दिसतात. पहिले, सैनिकाचा मृत्यू पूर्वीप्रमाणेच अंतिम राहिला. दुसरे, अंधारातील शत्रूची भीती कायम राहिली. तिसरे, चूक सुधारण्यासाठी मागे न जाऊ देणारी 'आयर्नमॅन' ही कठोर पद्धत खेळणाऱ्यास निवडता येऊ लागली. आपल्याकडे 'हात लावला की चाल खेळायची' असा बुद्धिबळाचा दंडक आहे, त्याचेच हे रूप म्हणता येईल. थोडक्यात, समीक्षकांनी निष्ठा मोजली ती नियमांच्या संख्येवरून नव्हे, तर परिणामांच्या अटळपणावरून.

आक्षेप आणि त्यांचे पुढील जीवन :

स्वागत एकमुखी नव्हते. तेच ते नकाशे पुन्हा समोर येतात, कॅमेरा व दृष्टिरेषा यांत दोष आहेत, अनेक तळांची जागतिक व्याप्ती गेली, असे आक्षेप घेतले गेले. सर्वाधिक वाद मात्र संभाव्यतेविषयी झाला. गोळी लागण्याची शक्यता टक्क्यांत पडद्यावर दिसे. ९५ टक्के शक्यता असताना नेम चुकला की खेळणाऱ्यास आपली फसवणूक झाल्यासारखे वाटे. गणिताच्या दृष्टीने वीस वेळांत एकदा चूक अपेक्षितच आहे. परंतु मनुष्य ९५ टक्के म्हणजे खात्री असे समजतो. पुढे 'एक्सकॉम २'च्या सोप्या स्तरांवर रचनाकारांनी दाखवलेल्या शक्यतेपेक्षा प्रत्यक्ष शक्यता गुपचूप थोडी वाढवून ठेवली. खेळणाऱ्यास न्याय्य वाटावे म्हणून आकडा खोटा करावा लागला, ही बाब मानसशास्त्राच्या अभ्यासकांनीही लक्षात घेण्यासारखी आहे.

अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, हे आक्षेप हवेत विरले नाहीत. काही हौशी जाणकारांनी 'लाँग वॉर' नावाचा फेरबदल तयार केला. त्यात मोठी तुकडी, दीर्घ मोहीम व मूळ खेळाची गुंतागुंत परत आणली. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'एक्सकॉम २' आला, तेव्हा दर वेळी नव्याने जुळणारे नकाशे त्यात परतले होते. शिवाय 'लाँग वॉर'च्या कर्त्यांनाच प्रकाशनदिनासाठी पूरक फेरबदल तयार करण्याचे काम देण्यात आले होते. या भागावरही चालींच्या संख्येवर घातलेल्या मर्यादेमुळे व तांत्रिक संथपणामुळे टीका झाली. इ.स. २०१४ मध्ये 'झेनोनॉट्स' हा मूळ नियमांशी अधिक एकनिष्ठ राहणारा खेळ आला, तर इ.स. २०१९ मध्ये स्वतः ज्युलियन गोलॉप यांनी 'फिनिक्स पॉइंट' प्रकाशित केला. अशा रीतीने एका खेळाच्या तीन-चार शाखा झाल्या आणि वगळलेल्या प्रत्येक नियमास कोठे ना कोठे आश्रय मिळाला.

देशी बुद्धिबळाचे नियमांतर :

आता आपल्या पटाकडे वळू. मराठी मुलखाचा बुद्धिबळाशी संबंध जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात चतुरंगाचे वर्णन आहे. मूळच्या पैठणच्या व पुढे काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्ट यांनी सतराव्या शतकात 'नीतिमयूख' हा राजनीतिविषयक ग्रंथ लिहिला. त्यातही या खेळाचे नियम दिले आहेत. राजनीतीच्या ग्रंथात बुद्धिबळास स्थान मिळावे, हे लक्षणीय आहे.

देशी पद्धतीचे नियम आजच्या नियमांहून वेगळे होते. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाई. राजास किल्ला करण्याची सोय नव्हती. त्याऐवजी त्यास एकदा घोड्याची अडीच घरांची चाल करता येई. प्यादे शेवटच्या रांगेत पोहोचले म्हणजे त्याचा वजीरच होई असे नाही. ते ज्या मोहऱ्याच्या घरात पोहोचे, ते मोहरे होई. हत्तीच्या घरात पोहोचलेले प्यादे हत्ती होई, घोड्याच्या घरातील घोडा. एका पक्षाकडे केवळ राजा उरला की 'बुर्ज' होऊन पूर्ण विजय हुकत असे. म्हणून जिंकणाऱ्यास प्रतिस्पर्ध्याची सर्व मोहरी मारून चालत नसे. त्याचे एखादे मोहरे राखूनच मात करावी लागे. आणि प्याद्याने दिलेली मात, म्हणजे 'प्यादेमात', सर्वांत मानाची समजली जाई. सर्वांत लहान शिपायाकडून राजाचा पराभव घडवणे, यात खेळाडूच्या कौशल्याची परीक्षा होती.

या नियमांतराचा आरंभ पेशवाईच्या अखेरच्या काळातच दिसतो. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या 'विलासमणिमंजरी' या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूप इ.स. १८१४ मध्ये मुंबईत छापले गेले. हे डाव युरोपीय पद्धतीस जुळवून घेतले आहेत, असे त्याच्या शीर्षकातच नमूद होते. म्हणजे पेशवाई संपण्यापूर्वी चार वर्षे पटावर नवे नियम आले होते. तरीही देशी पद्धती पुढे शतकभर घराघरांत टिकून होती. देशी पद्धतीत वाढलेला पंजाबचा मीर सुलतान खान याने इ.स. १९२९, १९३२ व १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. त्याचा आरंभ कच्चा व डावाचा शेवट पक्का, असे त्याच्या समकालीनांनी म्हटले. तो कच्चेपणा बव्हंशी वेगळ्या नियमांच्या सवयीचा होता. 'फिडे' या जागतिक संघटनेने त्यास इ.स. २०२४ मध्ये मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर पद दिले.

इ.स. १९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. इ.स. १९५५ मध्ये एलुरू येथील पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. स्पर्धांचे बुद्धिबळ आता आंतरराष्ट्रीय नियमांचे झाले होते. या बदलाचा लाभ निर्विवाद आहे. इ.स. १९७४ मध्ये वासंती खाडिलकर पहिल्या महिला राष्ट्रीय विजेत्या झाल्या. त्यांच्या भगिनी जयश्री व रोहिणी यांनीही हे पद मिळवले. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख हिने महिला विश्वचषक जिंकला. जगाशी खेळायचे तर जगाचे नियम स्वीकारणे भाग होते.

तुलना :

दोन्ही उदाहरणांत जुना खेळ अधिक वेगवान व सुटसुटीत झाला. प्याद्यास दोन घरांची मुभा मिळाली, तसा 'एक्सकॉम'मधील कालघटकांचा हिशेब गेला. दोन्हीकडे नव्या खेळाडूंची संख्या वाढली. परंतु एक मूलभूत फरक आहे. 'एक्सकॉम'मध्ये काय वगळले, ते कोणाला रुचले, कोणाला नाही व का, याची लेखी नोंद झाली. त्या नोंदीतून फेरबदल झाले आणि वगळलेल्या गोष्टींना परतीची वाट मिळाली. देशी बुद्धिबळाच्या बाबतीत नियम ग्रंथांत राहिले, पण त्या नियमांचा आस्वाद मुख्यतः खेळणाऱ्यांच्या तोंडीच राहिला. नियमपुस्तकात खेळ कसा खेळावा हे असते. तो का आवडत होता हे नसते. प्रतिस्पर्ध्याचे शेवटचे मोहरे जपत प्याद्याने मात देण्यात कोणता आनंद होता, हे खेळणाराच सांगू शकतो.

येथे भाषा हे आपले उरलेले साधन ठरते. प्यादेमात हा शब्द कोशात आहे, आणि ज्या समाजाने या मातेस सर्वांत मोठा मान दिला, त्याच्या मूल्यकल्पनेचा तो पुरावा आहे. शब्दावरून नियम, नियमावरून रुची व रुचीवरून समाज, असा शोध घेता येतो. मात्र तो शोध अपुराच राहणार.

निष्कर्ष :

१) खेळाचे पुनरुज्जीवन म्हणजे जुन्या रूपाची परतफेड नव्हे; काय राखावे व काय सोडावे याची ती निवड असते.
२) 'एक्सकॉम'च्या समीक्षकांनी नियमांच्या तंतोतंतपणापेक्षा परिणामांच्या अटळपणास अधिक महत्त्व दिले.
३) लेखी आक्षेपांमुळे वगळलेले घटक पुढील आवृत्तीत वा अन्य खेळांत परत आले. म्हणून समीक्षा ही खेळाच्या इतिहासाची केवळ साक्षीदार नसून त्यातील सक्रिय घटक आहे.
४) देशी बुद्धिबळाच्या नियमांतराने मराठी खेळाडूंना जगाचे दार उघडले; परंतु जुन्या पद्धतीचा आस्वाद नोंदीअभावी दुर्बोध झाला.
५) संगणकीय खेळांची समीक्षा हे भावी सांस्कृतिक इतिहासाचे साधन म्हणून जतन करणे आवश्यक आहे.

वरील निष्कर्षांवरून एक काम आपल्यासमोर स्पष्ट उभे राहते. देशी पद्धतीने खेळलेल्या किंवा घरात तो डाव मांडलेला पाहिलेल्या वृद्ध व्यक्तींच्या मुलाखती घेणे, त्यांच्याकडून नियम, बोलण्यातील शब्द व मानापमानाचे संकेत लिहून घेणे, हे काम महाविद्यालयीन विद्यार्थी सहज करू शकतात. त्यास मोठ्या निधीची गरज नाही; वही, लेखणी आणि एक पट पुरेसा आहे. असईच्या लढाईची कागदपत्रे शतकानंतरही वाचता येतील. पण प्यादेमात दिल्यावर जिंकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटत असे, ते सांगणारी पिढी मात्र आपली वाट पाहत थांबणार नाही.